स्पॅनिशमध्ये बरं वाटलेला माणूस

शरीफ होडेकरला स्पॅनिश येत होती, पण ती मासेमाऱ्यांची. दाभोळजवळच्या खाडीकाठच्या गावातून तो विशीच्या आत जहाजावर गेला आणि पुढची कितीतरी वर्षं त्याने लास पाल्मास नावाच्या बंदरातून सुटणाऱ्या, मासळी गोठवून नेणाऱ्या जहाजांवर काढली. हे बंदर आफ्रिकेच्या बाजूला, स्पेनच्या बेटांवर. जहाजावरचे सगळे स्पॅनिश बोलायचे, त्यामुळे शरीफही बोलायला लागला. दोर, जाळी, वारा, बर्फ आणि शिव्या, एवढ्या गोष्टींचे शब्द त्याला तोंडपाठ झाले. त्यातल्या शिव्या या शिव्या आहेत हे त्याला फार उशिरा कळलं, कारण कप्तान सकाळी भेटला की नमस्काराच्या जागी त्याच घालायचा.

१९९४च्या सुमारास त्याने समुद्र सोडला आणि ओमानला आला. बायकोचा, म्हणजे खतिजाचा भाऊ यासिर याचं इब्राच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. तिथे शरीफ दोनेक वर्षं गज फिरवत बसला. मग कळलं, मस्कतला कुरुममध्ये एका टाइल्सच्या शोरूमला स्पॅनिश येणारा माणूस हवाय, कारण माल स्पेनहून येतो आणि तिकडच्या लोकांना इंग्रजीचा कंटाळा आहे. मुलाखत अशी झाली की अर्बाबने, म्हणजे मालकाने, स्पेनला फोन लावला आणि रिसीव्हर शरीफच्या हातात दिला. शरीफ बोलला. पलीकडचं हसणं अर्बाबला टेबलाच्या या बाजूला ऐकू आलं. तो म्हणाला, एवढी ओळख पहिल्याच फोनला झाली, हा माणूस ठेवायचा. पुढे स्पेनच्या ऑफिसातल्या एका बाईने शरीफला हळूहळू समजावलं की कोणते शब्द ऑफिसात वापरत नाहीत. ते काढल्यावर त्याची भाषा बरीच आटोपशीर झाली.

मग खतिजा आणि मुलगी उजमा आल्या, माबेलाला भाड्याचं घर झालं, सकाळी तासभर गाडी हाकत कुरुमला यायचं आणि संध्याकाळी तेवढीच हाकत परत. काही वर्षं ठीक गेली. त्यानंतर जे झालं ते सांगायला अवघड आहे, कारण काही झालंच नाही. कोणी वारलं नाही, नोकरी गेली नाही, दुखणं आलं नाही. फक्त शरीफच्या मनाला गोष्टी भिडेनाशा झाल्या. खतिजाने सुरमई तळली तर ती खाऊन तो म्हणायचा, छान झालीय, आणि ते पूर्वी छान व्हायची या आठवणीवर म्हणायचा. उजमा वर्गात पहिली आली तेव्हा त्याने चेहऱ्यावर आनंद आणला, पण तो आणावा लागला.

डॉक्टरला दाखवून झालं. साखर, रक्तदाब, छातीची पट्टी, सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आले याने शरीफ अधिकच खचला. खतिजाने गावाहून दम केलेलं, म्हणजे दुआ फुंकलेलं पाणी मागवलं. तो मुकाट्याने प्यायला. तिने विचारलं, काय फरक? तो म्हणाला, तहान भागली.

कोणी विचारलं, काय शरीफभाई, कसं काय, तर तो म्हणायचा, "बरा हाय." त्याच्या बोलीत पुरुषाने आपल्याबद्दल सांगायचं तेवढंच असतं. ते सांगितलं की समोरचाही मोकळा होतो.

२००७च्या जूनमध्ये गोनू वादळ आलं. कुरुममधली वाडी, म्हणजे अरबीत ओढ्याचं पात्र, जी वर्षानुवर्षं कोरडी होती, ती नदी होऊन दुकानांत शिरली. शरीफ आणि शोरूमचा तानाजी, महाडकडचा टाइल्स बसवणारा कारागीर, शोरूमच्या वरच्या मजल्यावर चढून बसले. खाली पाण्यातून फ्रीज गेले, पाट्या गेल्या, गाड्या गेल्या. तानाजी डोळे मिटून देवाचं नाव घेत होता. शरीफची पांढरी करोला कोपऱ्यावरून वळून गेली. तो म्हणाला, "गेली." तानाजीने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. भीती वाटायला हवी, हे शरीफला समजत होतं. ती येते का म्हणून त्याने थोडी वाट पाहिली.

पाणी ओसरल्यावर कोणाच्या तरी ट्रकमधून तो घरी पोचला. खतिजा दारातच गळ्यात पडून रडली. शरीफने तिच्या पाठीवर थोपटलं आणि थोपटता थोपटता त्याच्या लक्षात आलं, की पाहुण्याच्या मुलाला थोपटावं तसे आपण हिला थोपटतोय. हे मात्र त्याच्या मनात राहिलं. शोरूममध्ये सगळा माल चिखलातून काढून धुतला, पुसला आणि विकला. टाइल्सना पुराचं काही झालं नव्हतं. शरीफच्या मनात आलं, आपलीही टाइल झालेली दिसते.

थंडीच्या सुरुवातीला एक स्पॅनिश बाई दुकानात आल्या. नाव आम्पारो. नवरा समुद्राचं पाणी गोड करण्याच्या कुठल्याशा प्रकल्पावर इंजिनिअर, घर कुरुमच्या टेकडीच्या उतारावर, आणि तळमजल्याची न्हाणीघरं टेकडीवरून आलेल्या पाण्यात गेलेली. शरीफने टाइल्स दाखवल्या. एक निळी उचलून बाईंनी त्यांच्या भाषेत सहज विचारलं, ही सुंदर दिसेल का? दुकानदाराने याला हो म्हणायचं असतं.

शरीफ म्हणाला, "मला सांगता येणार नाही. मला बरेच दिवस काहीच सुंदर वाटत नाही."

बोलून झाल्यावर तोच चकित झाला. हे वाक्य मराठीत त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, हिंदीत निघालं नव्हतं, नमाजानंतर मनातल्या मनातही निघालं नव्हतं. स्पॅनिशमध्ये ते एखाद्या हवामानाच्या बातमीसारखं बाहेर पडलं. आसपास ते समजणारं कोणी नव्हतं, म्हणून असेल.

बाईंनी टाइल खाली ठेवली. कधीपासून, विचारलं. झोप कशी, जेवण कसं, जगू नये असं वाटतं का, तेही सरळ विचारलं. तसं वाटत नाही, असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं. मग त्यांनी सांगितलं की त्या मानसशास्त्रज्ञ आहेत, आणि मस्कतमध्ये राहणाऱ्या स्पॅनिश बोलणाऱ्या, उदास किंवा धास्तावलेल्या माणसांचा एक लहानसा गट दर गुरुवारी दुपारी त्यांच्या घरी बसतो. शरीफ म्हणाला, मी स्पॅनिश नाही. त्या म्हणाल्या, गट बोलणाऱ्यांचा आहे. निळ्या टाइल्स त्यांनी घेतल्या.

ओमानात तेव्हा गुरुवारी सुटी असायची. शरीफ घरी सांगून निघाला की स्टॉक मोजायचाय. आम्पारोबाईंच्या बैठकीत कोलंबियाची एक बाई होती, जी नवऱ्याच्या नोकरीपायी तेलाच्या गावागावांतून फिरून थकली होती, आणि अर्जेंटिनाचा एक इंजिनिअर, ज्याला लिफ्टमध्ये शिरलं की छाती आवळल्यासारखं व्हायचं. आणखी एक-दोघं येऊन जाऊन असत. शरीफला वाटलं होतं, आता दुःखं सांगायची असतील. त्याच्याकडे सांगण्यासारखं दुःख नव्हतं, त्यामुळे त्याला जरा संकोच वाटत होता.

पण बाईंनी दुःखाचं विचारलंच नाही. त्यांचं म्हणणं असं होतं, की मनाला दोन टोकं असतात. एकाने ते वाईटापासून पळतं, दुसऱ्याने चांगल्याकडे जातं. बहुतेक उपचार पहिल्या टोकावर होतात. त्या दुसऱ्यावर करणार होत्या. हात बरेच दिवस प्लास्टरमध्ये राहिला की हाड जुळूनही बोटं वळत नाहीत, ती रोज थोडी थोडी वळवावी लागतात. आनंदाचंही तसंच वळवावं लागतं. आठवड्यात एखादी बरी वाटू शकेल अशी गोष्ट ठरवून करायची. मग इथे येऊन डोळे मिटायचे आणि ती पुन्हा घडतेय असं धरून सावकाश सांगायची. काय दिसतंय, कसला वास येतोय, अंगात कुठे काय होतंय.

शरीफला हा पोरखेळ वाटला. पण घरून निघून आला होता, आणि बाहेर ऊन होतं.

त्याची पाळी आली तेव्हा त्याने डोळे मिटून सांगितलं, "मी चहा पितोय. चहा आहे."

बाईंनी विचारलं, आणि?

"आणि तो संपतोय."

कोणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात जरा मोठा कप घ्या.

अडचण शब्दांचीही होती. त्याच्या स्पॅनिशमध्ये गलबत होतं, पण माया नव्हती. कोलंबियाची बाई एकदा एक शब्द म्हणाली, आणि तो काय, असं त्याने विचारलं, तर तिने हवेत हातानेच कोणाचे तरी केस मागे सारले. तेव्हा त्याला तो समजला. स्वतःचं सांगताना तो जहाजावरचेच शब्द वापरायचा. एका गुरुवारी सीबच्या किनाऱ्यावर सकाळी होड्या लागताना पाहिल्याचं त्याने सांगितलं. जाळ्यातली मासळी, डिझेलचा वास, पायाखालची ओली वाळू. सांगता सांगता तो थांबला. बाईंनी विचारलं, अंगात काय होतंय? तो म्हणाला, "इंजिन बंद आहे. पण पंप चालू झालाय." अर्जेंटिनाचा इंजिनिअर म्हणाला, मग जहाज बुडत नाही.

असे काही महिने गेले. कधी चांगलं केलेलं स्वतःच्या नावावर घ्यायचं, कधी कोणाचे तरी मनापासून आभार मानायचे, कधी उद्याचा दिवस बरा जाईल असं चित्र रंगवायचं. हे शेवटचं त्याला फार जड गेलं, आणि तो इन्शाल्ला म्हणून सुटका करून घ्यायचा. बाईंनी इन्शाल्लाला हरकत घेतली नाही, पण त्याआधी चित्र पूर्ण करा, म्हणाल्या. हळूहळू त्याला मासळीची चव लागू लागली. रोज नाही, अधूनमधून.

मग एका गुरुवारी बाई म्हणाल्या, "शरीफ, तुम्हाला इथे बरं वाटतं. घरी हे कोणाला सांगता?"

तो म्हणाला, घरी स्पॅनिश कोणाला येत नाही.

"तेच म्हणतेय. स्पॅनिशमध्ये बरं वाटून काय करणार? तुमचं घर तर तुमच्या भाषेत आहे."

काम असं दिलं की एक चांगली गोष्ट, डोळे मिटून, सावकाश, घरच्या भाषेत, बायकोला सांगायची. शरीफ घरी गेला आणि खतिजाला म्हणाला, आज ट्रॅफिक कमी होता. पुढच्या आठवड्यात सांगितलं, एसी चांगला चाललाय. बाईंनी विचारल्यावर त्याने कबूल केलं की याहून पुढे त्याची मराठी जात नाही.

इकडे खतिजाचं वेगळंच चाललं होतं. उजमाच्या दहावीच्या क्लासेसना ने-आण करायला गाडी लागायची, शरीफ दिवसभर कुरुमला, आणि शेजारची जोहरा ड्रायव्हिंग शिकत होती. खतिजाही तिच्याबरोबर शिकायला लागली. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण पूर्वी त्याला काहीही सांगितलं तरी तो "चांगलं आहे" एवढंच म्हणायचा, आणि ते ऐकून हुरूप जायचा. ओमानमध्ये लायसन्स मिळणं सोपं नाही. आधी पिंपांच्या मधून गाडी उलटी काढायची, मग चढावर थांबवून मागे न घसरता पुढे काढायची, मग रस्त्यावरची परीक्षा. माबेला सपाट आहे. चढाच्या सरावाला शिकवणारी ओमानी बाई दोघींना कुरुमच्या टेकडीवर घेऊन जायची.

एका गुरुवारी दुपारी खतिजा त्या चढावर क्लच धरून थांबली असता, तिला एका बंगल्यासमोर पुरानंतर घेतलेली आपली गाडी दिसली. तिचा पाय सुटला आणि गाडी मागे घसरली. शिकवणारी बाई म्हणाली, पुन्हा. पुन्हा चढावर येईपर्यंत बंगल्याचं दार उघडलं, आणि केस मोकळे सोडलेल्या एका गोऱ्या बाईंनी शरीफला हसत निरोप दिला. शरीफही हसला. खतिजाला त्या हसण्याचंच जास्त लागलं. घरी त्याने ते आणलं नव्हतं.

विचारावं तर आपण तिथे काय करत होतो हे सांगावं लागेल. जोहरा म्हणाली, विचारून टाक. खतिजा म्हणाली, आधी लायसन्स येऊ दे. नेमका कसला विचार करून ती तसं म्हणाली, ते जोहराने विचारलं नाही.

लायसन्स मिळालं त्याच आठवड्यात यासिरच्या घरी इब्राला जायचं होतं. उजमाचा पेपर होता म्हणून दोघंच निघाली. मस्कत मागे पडलं, डोंगर सुरू झाले. शरीफच्या मनात बाईंनी दिलेलं काम होतं, खतिजाच्या मनात बंगला. बरंच अंतर गेल्यावर शरीफने गाडी रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली घेतली, बंद केली आणि डोळे मिटले.

खतिजाने आधी त्याच्या छातीला हात लावून पाहिला.

"मला काही झालं नाय," तो म्हणाला. "मला सांगायचं आहे. मधे बोलू नको."

आणि त्याने सांगितलं. आज सकाळी मी उठलोय. स्वयंपाकघरातून कढीपत्त्याचा वास येतोय. तू फोनवर भावाशी बोलतेस आणि कशाला तरी हसतेस. तुझी पाठ माझ्याकडे आहे. मी दारात उभा आहे आणि तुला माहीत नाही. माझ्या इथे, छातीच्या खाली, ऊन पडल्यासारखं झालंय. मला आत यावंसं वाटतंय. मी आत येतो आणि विचारतो, चहा झाला काय?

शरीफने डोळे उघडले. खतिजा समोर रस्त्याकडे पाहत होती.

"आणि ती गोरी बाई कोण?" तिने विचारलं.

शरीफने सगळं सांगितलं. टाइल, पूर, गुरुवार, चहा आहे, पंप. मध्ये थांबायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं. आपल्याला दोन-तीन वर्षं काहीच वाटत नव्हतं, हेही सांगितलं. खतिजा म्हणाली, "ते मला ठाऊक होतं. मला वाटलं, माझ्याबद्दलच वाटत नाय." मग ती रडली, फार नाही. शरीफने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि या वेळी तो हात कोणाच्या पाठीवर आहे हे त्याला समजत होतं.

थोड्या वेळाने त्याला प्रश्न पडला. "पण तुला त्या बाई कशा ठाऊक?"

खतिजाने डोळे पुसले आणि मिटले. "आता तुमी मधे बोलू नका," ती म्हणाली. "त्या बाईच्या टेकडीवर मी गाडी शिकले. आता परीक्षेच्या चढावर हाय. पुढे लाल सिग्नल. माझ्या मागे पोलिसाची गाडी, शेजारी परीक्षा घेणारा पोलीस. त्याच्या हातात कागद. माझे हात घामेजलेत. सिग्नल हिरवा होतो. मी क्लच सोडते, हळू. गाडी मागे जात नाय. केसाएवढीपण नाय. पुढे जाते. तो पोलीस कागदावर काहीतरी लिहितो आणि म्हणतो, खलास, मबरूक. म्हणजे झालं, मुबारक."

शरीफने दार उघडलं, गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला आणि म्हणाला, सरक.

इब्रापर्यंत खतिजाने गाडी चालवली. ट्रक ओलांडताना शरीफ डाव्या हाताने सीट धरून बसला होता. यासिरने दारात बहिणीला चालकाच्या बाजूने उतरताना पाहिलं आणि भावोजींना विचारलं, तब्येत बरी नाही काय? शरीफ म्हणाला, बरी आहे, म्हणूनच.

पुढच्या गुरुवारी खतिजा त्याच्याबरोबर कुरुमला गेली. तिला स्पॅनिशचं अक्षर येत नव्हतं. आम्पारोबाईंनी तिला शेजारी बसवलं, कॉफी दिली, आणि शरीफने दोन्हीकडचं इकडून तिकडे सांगितलं. तो भाषांतर करताना बरंच गाळतोय, असा दोघींनाही संशय आला, आणि तो खरा होता. निघताना खतिजाने न्हाणीघराच्या निळ्या टाइल्स पाहून घेतल्या आणि परतीच्या वाटेवर म्हणाली, चांगल्या आहेत, पण सांधे भरायला पांढरं नको होतं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. त्या वर्षअखेरीला बांधकामं थंडावली, शोरूममध्ये गिऱ्हाईक तुरळक झालं, आणि शरीफला पुन्हा करडे दिवस आले. आम्पारोबाईंनी त्याला मनोविकाराच्या डॉक्टरकडे पाठवलं, काही महिने त्याने गोळ्या घेतल्या. पण आता खतिजाला ओळखता यायचं. दुपारच्या चहाला ती विचारायची, आज काय? काही नसेल तर तो म्हणायचा, आज काही नाय, आणि तीही तसंच ठेवायची. उजमाही कधी बसायची. तिची मराठी अर्ध्यात अडायची, मग ती इंग्रजीत जायची, आणि खतिजा म्हणायची, अडलीस तरी चालेल, पण इथेच अड.

२००९ साली प्रकल्प संपला आणि आम्पारोबाई नवऱ्याबरोबर स्पेनला परत गेल्या. शेवटच्या गुरुवारी प्रत्येकाने काहीतरी बोलायचं होतं. शरीफने उभं राहून आभार मानले. शब्द मात्र बंदरावरचे वापरले, कारण तेवढे जोरकस दुसरे त्याच्याकडे नव्हते. कोलंबियाची बाई लाजली. आम्पारोबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

त्याच उन्हाळ्यात, शोरूममध्ये कोणी नसताना तानाजीने त्याला विचारलं, "कसं काय शरीफभाई?" आणि शरीफने, दोन वाक्यांत का होईना, खरं सांगितलं. तानाजी अवघडला. खोक्यांवरची धूळ पुसत राहिला. दोन-चार दिवसांनी जेवणाच्या सुटीत त्याने कुठेतरी दुसरीकडे पाहत विचारलं, हे मराठीत करता येतं का?

शरीफ म्हणाला, जड जातं, पण येतं.

तानाजी टाइल्सच्या खोक्यावर बसला आणि त्याने डोळे मिटले. आदल्या रात्री महाडला घरी फोन केला होता. धाकटीला नुकतं बोलायला यायला लागलंय. "ती फोनवर म्हणाली..." एवढं त्याने सुरू केलं आणि थांबला. शरीफने पुढचं विचारलं नाही. तेवढ्यात काचेचं दार ढकलून एक गिऱ्हाईक आत आलं आणि त्याने विचारलं, पाय घसरू न देणाऱ्या टाइल्स आहेत का?

"आहेत," शरीफ म्हणाला. "जरा बसा. यांचं होऊ द्या."